गोठ्यातली विलायत

"कान आहे असं समज," बाईसाहेब म्हणाल्या.

कान नव्हता. माझ्या हातात नारळाची करवंटी होती आणि करवंटीला कुणी कान लावत नाही. तिच्यात गुळाचा चहा होता. मोलकरणीनं तो तांब्यातून हातभर उंचावरून ओतला होता. वरून सोडलेली धार चालते, तांब्याचं तोंड माझ्या करवंटीला लागलेलं चालत नाही. थोडा चहा करवंटीत पडला, थोडा माझ्या मनगटावर.

"डाव्या तळव्यावर बशी. उजव्या हाताच्या दोन बोटांत कान. करंगळी मोकळी. आता हळूच ओठांपाशी ने. भुरका मारायचा नाही. तिकडे भुरका मारला की माणसाची पायरी कळते."

हे बोलून त्या स्वतःच जरा थांबल्या. मग हसल्या. मीही हसले. तेव्हा मी हसायची.

बशी म्हणजे पळसाचं पान. त्यावर ती गोल बुडाची करवंटी डुगडुगत होती. मी दोन बोटांच्या चिमटीत नुसती हवा पकडून चहा पीत होते. टेबल म्हणजे गुरांची लाकडी गव्हाण, उलटी घातलेली. खुर्ची म्हणजे पेंढ्याचा भारा. दोन हातांवर गाय उभी होती. तिनं शेपटी उचलली. बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "लक्ष जाऊ द्यायचं नाही. टेबलावर बसलं की टेबलाकडेच बघायचं."

अशी माझी विलायतेला जायची तयारी चालली होती.

लढाई संपली होती आणि साहेब अजून गेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मी मुंबईच्या एका दवाखान्यात नर्स होते. आमचा महारवाडा सापगावचा, पण वडील आटगावला रेल्वेच्या गँगमध्ये होते, रूळ ठोकायला. त्यामुळे गावाबाहेर वाढले, शाळेत गेले, नर्सिंगपर्यंत पोचले. वडील गेल्यावर आई परत सापगावच्या झोपडीत आली. सरकारनं त्या साली काही नर्सेसना विलायतेच्या इस्पितळात एका सहामाहीसाठी शिकायला पाठवायचं ठरवलं. आमच्या मेट्रननं माझं नाव दिलं. माझी निवड झाली. बाळंतपण शिकायला मी समुद्रापलीकडे जाणार होते.

एकच अडचण होती. पासपोर्टाला हमी लागते. नियम असा की माणूस ज्या तालुक्याचा, त्या तालुक्यातल्या कुणा प्रतिष्ठित गृहस्थानं लिहून द्यायचं, मी हिला ओळखतो, ही चांगल्या चालीची आहे. मेट्रन सही करायला एका पायावर तयार होती. तिची चालत नव्हती. पोरी, गावाला जाऊन सही घेऊन ये, म्हणाली आणि मला रजा दिली.

आता तालुक्यात प्रतिष्ठित कोण, ते तुम्हाला सांगायला नको. त्या यादीत आमच्या वाड्यातलं कुणी नव्हतं. मामलेदारांच्या शिपायानं मला पायरीखालूनच वाटेला लावलं. सरकारी डॉक्टरांनी चष्मा वर केला, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "विलायतेला? तू?" आणि चष्मा खाली घेतला. झाली तपासणी. राहिले एक रावसाहेब. सापगावजवळ भातसा नदी ओलांडली की त्यांचा बंगला. मुरबाडच्या कोर्टात वकिली, आणि तरुणपणी विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आलेले. बाईसाहेबही त्यांच्यासोबत तिकडे राहून आलेल्या. दोघं सुधारक. त्यांची जात सांगत बसत नाही. रावसाहेब वर्षातून एकदा मुरबाडला अस्पृश्यतेवर भाषण करायचे. भाषण झालं की घरी जाऊन आंघोळ करायचे, कारण ऐकायला आमची माणसं आलेली असायची.

तर रावसाहेब म्हणाले, "सही देईन. आनंदानं देईन. पण अशी कच्ची पोर तिकडे पाठवली तर लाज कुणाची जाईल? आमची. तालुक्याची. आधी बाईसाहेबांकडून चार रीतीभाती शिकून घे. तयार झालीस असं त्यांनी सांगितलं की सही."

मला केवढा आनंद झाला होता! मी त्यांच्या पायऱ्यांना हात लावून तो कपाळाला लावला. पायऱ्यांनाच, पायांना नव्हे.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून गेले तर बाईसाहेब परसदारी उभ्या. म्हणाल्या, "गोठ्यात बसू हं आपण. माझं काही नाही गं. मी मानतच नाही. पण घरात सासूबाई आहेत. त्यांच्या जिवाला उगाच त्रास."

सासूबाईंचं मला काही विशेष वाटलं नाही. म्हातारं माणूस. एवढ्या तेवढ्यासाठी विलायत कशाला सोडायची, असं मनाशी म्हटलं.

चांदीचे काटे-सुरे बंगल्यात होते. मी लांबून पाहिले, मखमलीच्या पेटीत. माझ्यासाठी गड्याकडून बांबूचा काटा आणि बांबूची सुरी तासून घेतली होती. "शिकून झालं की चुलीत टाकता येईल," बाईसाहेब अगदी सहज म्हणाल्या. पत्रावळीवर उकडलेल्या सुरणाची फोड. "हे मटण आहे असं समज. डाव्या हातात काटा, उजव्यात सुरी. काट्यानं दाब, सुरीनं काप."

बांबूच्या सुरीनं सुरण कापलं जाईना, मी जोर लावला की पत्रावळ फाटायची आणि सुरण गव्हाणीवर. तिथून उचलायचं नाही, हीसुद्धा रीत. विलायतेत टेबलावर पडलेलं उचलून खात नाहीत म्हणे. ते गाय खायची. माझ्यापेक्षा त्या गाईचं पोट जास्त भरलं असेल.

सगळं समजायचं. करवंटी म्हणजे कप समज, पान म्हणजे बशी समज, तांदळाची भाकरी म्हणजे पाव समज. पेंढ्यावरून उठताना शेजारचा साहेब तुझ्यासाठी खुर्ची मागे ओढतो आहे असं समज. मी समजत होते. एवढी समजूतदार मुलगी तालुक्यात दुसरी नसेल.

घरी आईला सांगितलं की तिकडे डाव्या हातानं घास तोंडात घालतात. आई चुलीपाशी बसली होती. तिचा हात तवा सोडून गालावर गेला.

"डाव्या हातानं? मंग धुतात कंच्या हातानं गो?"

"धूत नाहीत. कागदानं पुसतात."

आईनं तव्यावरची भाकरी उलटवली. मग म्हणाली, "आन तिकडं राऊन आलेले हे लोक आमाला घाण म्हनतात!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर ती म्हणाली, "शीक बाय, सगला शीक. कसाबी शीक. सही पायजे." आईला लिहिता वाचता येत नव्हतं. पण सही म्हणजे काय चीज आहे, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. जन्मभर तिनं अंगठा दिला होता.

एक दिवस रावसाहेब स्वतः गोठ्याच्या दारापर्यंत आले. माझी प्रगती बघायला. मी बांबूच्या काट्यानं सुरण खात होते. ते कमरेवर हात ठेवून प्रसन्नपणे म्हणाले, "वा! तुमचं एक बरं आहे हो. आम्ही परत आलो तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पंचगव्य प्यालो. तुला तो त्रास नाही. तुम्हा लोकांचं आणखी काय बाटायचंय?"

मोठा विनोद केल्यासारखे ते हसले. बाईसाहेबही हसल्या. माझ्या तोंडात सुरणाची फोड होती. ती गिळली. नंतर घरी येताना वाटेत मनात आलं, हा माणूस विलायतेत शिकून आला, कायदा शिकून आला, आणि उतरल्या उतरल्या गाईचं मूत प्याला. का, तर माणसांत राहून आला म्हणून. आणि हा मला सांगणार, मी तयार झाले की नाही. हे मनात आलं खरं, पण तोंडावर आलं नाही. सही हवी होती.

मग प्रांतसाहेबांचा दौरा आला. शहापूरला आंब्याखाली तंबू पडले. साहेबासोबत त्याची मडम होती. बाईसाहेबांनी तिला चिठ्ठी पाठवून मुलाखत ठरवली. "आमच्या कामाचा नमुना" तिला दाखवायचा होता. नमुना म्हणजे मी. मी गावी निघताना मुंबईच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनी मला एक जुना कोट आणि जोडे दिले होते, विलायतेच्या थंडीसाठी. ते घालून ये, असा हुकूम झाला.

रावसाहेब आणि बाईसाहेब छकड्यात, कासरा रावसाहेबांच्याच हातात. मी मागून चालत. कोट अंगात आणि जोडे हातात. वाटेत त्यांच्या भावकीची घरं होती, तिथून आमच्यातल्या कुणी पायांत घालून जायचं नाही. तंबू दिसायला लागले तेव्हा बाईसाहेबांनी छकडा थांबवला आणि मान बाहेर काढून म्हणाल्या, "घाल आता जोडे. पटकन घाल." मी धुळीच्या पायांनी घातले.

मडम साधी बाई होती. तिनं माझा हात हातात घेऊन हलवला. नुसता धरला नाही, हलवला. सगळ्यांना एकाच टेबलाभोवती खुर्च्या दिल्या. खरं टेबल. खऱ्या खुर्च्या. माझ्या एका बाजूला मडम, दुसऱ्या बाजूला बाईसाहेब. बाईसाहेबांनी खुर्ची अंगुळभरसुद्धा सरकवली नाही. किटलीतून सगळ्यांच्या कपांत चहा पडला, किटलीचं तोंड सगळ्यांच्या कपांना लागलं. कपाला कान होता. मी नुसती बघत राहिले.

मग मडमनं एक बशी पुढं केली. पावाचे पांढरे पातळ तुकडे, मध्ये काकडी. मी काट्याची वाट बघत बसले. काटा काही येईना. इतके दिवस गव्हाणीवर शिकलेलं सगळं आता दाखवायचं होतं आणि हत्यारच नाही! मडमच्या लक्षात आलं. तिनं आपला तुकडा बोटांनी उचलून तोंडात घातला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "हाथ से. हाथ से खाओ."

म्हणजे चहाला काटा लागतच नव्हता. बाईसाहेबांनी मला जे शिकवलं ते त्यांनाही नीट येत नव्हतं. पण त्या डगमगल्या नाहीत. मडमकडं झुकून इंग्रजीत म्हणाल्या, "बिचारी. जमिनीवर बसून खायची सवय. आम्ही पुष्कळ कष्ट घेतोय." मला इंग्रजी कळतं, हे त्या विसरल्या होत्या. दवाखान्यात मी रोज इंग्रजीतून ऑर्डरी घेत होते.

तरीही त्या दिवशी मला राग आला नाही. कारण पुढं जे झालं त्यानं मी विरघळले. बशी फिरत फिरत माझ्या हातात आली आणि मडम म्हणाली, शेजारी दे. मी बाईसाहेबांकडं बघितलं. त्यांनी हसून बशीतला तुकडा उचलला. माझ्या हातातल्या बशीतला. आणि खाल्ला. चावला, गिळला, पुन्हा एक घेतला. रावसाहेबांनीही घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, पाहा, सासूबाई इथं नाहीत तर ही माणसं कशी वागतात! खरंच चांगली आहेत. आपणच मनात नको नको ते आणत होतो. परत येताना मी छकड्यामागून जवळजवळ पळत होते, इतकी खूश होते.

सापगावच्या अलीकडे, नदीवर छकडा थांबला. ऊन कलायला आलं होतं. मला वाटलं, बैलांना पाणी दाखवायचं असेल. बाईसाहेब खाली उतरल्या. अंगावर भरजरी लुगडं. तशाच पाण्यात शिरल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी दोन बोटं घशात घातली आणि ओकल्या.

नर्सचं कसं असतं, माणूस ओकताना दिसला की पाय आपोआप धावतात. डोकं विचार करत बसत नाही. मी जोडे काठावर टाकले आणि पाण्यात धावले. एका हातानं कपाळ धरायचं, दुसऱ्यानं पाठ चोळायची, हजार वेळा केलेलं काम.

"लांब हो!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. गोठ्यातला गोड आवाज नव्हे तो. कुत्र्याला हाकलतात तो आवाज.

"लांब हो! अंगावर येतेस? आंघोळ करतेय ना मी? पुन्हा करायला लावशील!"

मी पाण्यातच उभी राहिले. त्यांनी परत बोटं घातली. परत ओकल्या. काकडी वाहत माझ्या पायांपाशी आली. मग त्यांनी बुडी मारली. लुगड्यासकट, अंबाड्यासकट. एक, दोन, किती मारल्या कोण जाणे. रावसाहेब वरच्या अंगाला, धोतर नेसून, जानवं धरून तेच करत होते. विलायतेत शिकलेला कायदेपंडित थंडीनं कुडकुडत होता आणि ओठ हलवत मंत्र म्हणत होता.

वर आल्यावर बाईसाहेबांचा आवाज परत गोड झाला. ओली लट कानामागे सारत म्हणाल्या, "राग मानू नकोस हं. सासूबाईंसाठी करावं लागतं."

सासूबाई नदीवर नव्हत्या.

इतकी साधी गोष्ट. नदीवर कुणीही नव्हतं, आम्ही आणि दोन बैल. म्हातारीला सांगायला बैल जाणार नव्हते. जे केलं ते त्यांनी स्वतःसाठी केलं. माझ्या बशीतली काकडी त्यांच्या पोटात राहणं त्यांनाच सोसवत नव्हतं. आणि मडमचं? मडमच्या किटलीतला चहा, मडमच्या बावर्च्यानं केलेला पाव? त्याचा एवढा विटाळ त्यांना कधी झाला नव्हता, नाहीतर विलायतेत दोघं उपाशी मेली असती. ओकायला लावलं ते माझ्या हातानं.

त्या संध्याकाळी माझ्या आत काहीतरी निवलं. चीड नाही आली. चीड बरोबरीच्या माणसाची येते. मला त्यांची किळस आली. किळस येणं हा आजवर फक्त त्यांचा हक्क आहे असं मी धरून चालले होते. घरी आले, आईनं विचारलं, मडमनं काय खायला दिलं? मी म्हटलं, काकडी.

आता सहीची वेळ आली होती. सही साधी थोडीच देणार! बाईसाहेबांनी बंगल्याच्या अंगणात निरोपसमारंभ ठेवला. मुरबाडहून महिला मंडळाच्या बायका बोलावल्या. त्यांच्यासाठी सतरंज्या, तक्के, अत्तर, पेढे. आमच्या वाड्यातली माणसं कुंपणाच्या कुडापलीकडे उभी, त्यांत आई. अंगणाच्या मधोमध गोठ्यातली ती गव्हाण आणून उलटी घातली होती. तिच्यावर पत्रावळ, बांबूचा काटा, बांबूची सुरी, करवंटी. शेजारी पेंढ्याचा भारा. आणि ओट्यावर, रावसाहेबांपुढं, हमीचा कागद आणि उघडलेलं पेन.

रावसाहेबांनी भाषण केलं. या मुलीला आम्ही चिखलातून वर काढलं, म्हणाले. आज ती साहेबाच्या पंगतीला बसायच्या लायक झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईसाहेब पुढं येऊन म्हणाल्या, "बस. मंडळींना दाखव तू कशी जेवतेस ते. झालं की रावसाहेब सही करतीलच."

मी पेंढ्याजवळ गेले. बसले नाही. मला पेन दिसत होतं. शपथेवर सांगते, ते पेन मला अजून हवं होतं. बोट, समुद्र, ते इस्पितळ, सगळं त्या निबेच्या टोकावर होतं. दोन घास सुरण खाल्लं असतं तर मिळालं असतं. कुडापलीकडून आई हातानं खुणावत होती, बस गो, बस.

मी म्हटलं, "बाईसाहेब, नदीवर तुम्ही काय केलंत ते आधी मंडळींना दाखवा. तुमचं झालं की मी काटा दाखवते."

बाईसाहेब एक पाऊल मागे सरल्या.

"काय बोलतेस तू?"

मी बायकांकडं तोंड केलं. "प्रांतसाहेबांच्या तंबूत बाईसाहेबांनी माझ्या हातून खाल्लं. हसत हसत खाल्लं. आणि सापगावच्या नदीवर बोटं घालून ओकल्या. काकडी होती. ही सुधारणा."

मला वाटलं होतं, आता या बायका शरमेनं माना खाली घालतील. मी किती भोळी होते! पुढच्या सतरंजीवर एक ठसठशीत कुंकवाची बाई होती. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाईसाहेबांना म्हणाली, "म्हणजे तुम्ही खाल्लंत? हिच्या हातचं?"

कुजबुज सुरू झाली. ओकल्याबद्दल कुणाला काही नव्हतं. ओकणं रास्तच होतं. खाल्लं कसं, हा प्रश्न होता. दोघीतिघींनी हातातले पेढे हळूच खाली ठेवले, कारण ते बाईसाहेबांच्या घरचे होते. आणि बाईसाहेब, त्या गोऱ्या, शिकलेल्या, विलायत पाहिलेल्या बाईसाहेब, दोन्ही हात जोडून रडवेल्या होऊन सगळ्यांना सांगायला लागल्या, "नाही हो, पोटात नाही राहू दिलं. सगळं बाहेर काढलं मी! देवाशपथ, सगळं काढलं!"

मी मोठ्यानं हसले. गोठ्यात हसायची तसं नाही. तोंड उघडून हसले.

रावसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. सावकाश, फिरवून फिरवून लावलं आणि खिशात टाकलं. म्हणाले, "सही विसर. आणि तालुक्यात दुसरं कुणी देईल, हेही विसर."

"ठेवा तुमच्यापाशी," मी म्हटलं.

आई कूड ओलांडून आत आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात तिचा पाय पडला, आणि तिनं तिथं लोटांगण घातलं. "मायबाप, पोरगी चुकली. येडी हाय. सही द्या, तिची सही द्या." मी तिला काखेत धरून उठवलं. ती उठेना. मी ओढत बाहेर आणली. आमची माणसं बाजूला झाली. कुणी शाबास म्हटलं नाही. उद्या त्यांना त्याच बंगल्याच्या शेतावर कामाला जायचं होतं.

झोपडीत आल्यावर आईनं माझ्या थोबाडीत मारली. मग कपाळाला हात लावून खाली बसली.

"येवढा गिललास, आजून एक घोट गिलायचा व्हता गो. एकच घोट. मंग गेली आसतीस."

"त्यांनी ओकून टाकलं आई, आणि मी गिळत राहायचं?"

"व्हय," आई म्हणाली. "आमी गिललाच ना? म्हनून तू झालीस."

आईनं गिळलं म्हणून मी उभी राहिले, ही गोष्ट खरी आहे. पण तिनं गिळलं ते मी गिळू नये म्हणून, असा तिचा अर्थ मी लावला आणि तो सोडला नाही. सकाळी मी आटगावला निघाले तेव्हा ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. येते म्हटलं. तिनं वळून पाहिलं नाही. मी कोट घातला, जोडे पायांत घातले आणि रावसाहेबांच्या भावकीच्या घरांसमोरून, रस्त्याच्या मधून चालत गेले. ओट्यावरची माणसं बघत राहिली. कुणी हटकलं नाही. हटकलं तरी मी थांबणार नाही, हे त्यांना दिसत असावं.

मुंबईत पासपोर्टाच्या हापिसात एक साहेब होता, आपलाच, टोपीवाला. माझे कागद चाळत म्हणाला, "सगळं आहे. हमी कुठाय?"

मी म्हटलं, "आमच्या तालुक्यात माझी हमी द्यायच्या लायकीचा माणूस मिळाला नाही."

त्यानं मान वर केली. त्याला वाटलं, मी वाक्य उलटं बोलले.

"म्हणजे, तुला कुणी हमी द्यायला तयार झालं नाही, असं म्हणायचंय तुला."

"नाही. मी म्हटलं तेच म्हणायचंय. मी बघून आले. लायक कुणी नाही."

"मग तुझी जागा दुसरीला जाईल."

"जाऊ द्या."

गेली. बोट सुटली त्या दिवशी मी दवाखान्यात ड्यूटीवर होते. एका बाईचं मूल आडवं आलं होतं. संध्याकाळपर्यंत मला बोटीची आठवणही झाली नाही. आठवण झाली तेव्हा मोरीत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू? समुद्र मला ओलांडायचा होता. ते इस्पितळ पाहायचं होतं. रावसाहेबांना मी कितीही हसले तरी ते गेलं ते माझंच गेलं, त्यांचं काही गेलं नाही.

तोंड धुतलं आणि तशीच मेट्रनच्या खोलीत गेले. म्हटलं, पुढच्या सालासाठी माझं नाव परत द्या. ती म्हणाली, नियम तोच राहिला तर? मी म्हटलं, नियम राहिला तर त्यापुढच्या साली द्या. त्यापुढच्याही. दर साली मी त्या टोपीवाल्यापुढं उभी राहीन आणि दर साली तेच वाक्य बोलेन. माझं काम तपासा, माझे हात तपासा, परीक्षा घ्या, नापास करा. पण मी माणूस आहे असं लिहून द्या म्हणून आता कुणाच्याही अंगणात जायची नाही. नियम बदलेल, नाहीतर मी म्हातारी होईन. यातलं एक होईपर्यंत मी अर्ज करत राहणार.